करंगळीभर तूट

बाबा, "बाटली गरम नाही, तुझे हात गार आहेत," असं तुम्ही मला म्हणाला होतात. थंडीतली संध्याकाळ होती. दवाखान्यातला शेवटचा रोगी उठून गेला होता आणि टेबलावरची बाटली मी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते, कारण तुम्हाला तिच्या गळ्यावर कागदाची पट्टी चिकटवायची होती. मी म्हटलं, "बाबा, ही गरम लागतेय." तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाही. डिंकाचं बोट पट्टीवर फिरवत तेवढं एक वाक्य बोललात आणि कपाटाला कुलूप घातलंत. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील. तुम्ही उठता-बसता सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मी विसरले, पण हे वाक्य काही जात नाही. आजही थंडीत कुणाचा हात हातात घ्यायचा झाला तर मी आधी माझे तळवे एकमेकांवर घासते, आणि मग स्वतःवरच चिडते. माझे हात गार नव्हते, बाबा. बाटलीच गरम होती. हे पत्र रागाने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे मी मऊ झाले तरी तुमचा गैरसमज व्हायला नको.

चाचांविषयी लिहायचं आहे. तुमच्या कंपाउंडरला सगळी गल्ली चाचा म्हणायची. तुमच्यापेक्षा ते सात-आठ वर्षांनी मोठे असतील, तरी तुम्ही त्यांना "मियाँ" म्हणून अरे-तुरे करायचात आणि आई मात्र "अहो चाचा" म्हणायची. नाशकात भद्रकालीच्या देवळाच्या मागच्या बाजूला त्यांचं घर होतं. सकाळी तुम्ही खाली उतरायच्या आत ते येऊन दवाखाना उघडायचे, फरशी पुसायचे, खलबत्ता धुऊन उपडा घालायचे. त्यांचा पेला कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तो वेगळा का, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही, आणि चाचांनीही कधी तोंडावर दिसू दिलं नाही. रमजानात रोजा सोडायची वेळ झाली की आई माझ्या हाती वाटीत खजूर आणि आल्या-लिंबाचं पाणी खाली पाठवायची. "बेटी, तुझ्या आईला सांग, या लिंबाच्या पाण्याने दिवसाचा सगळा थकवा जातो," असं चाचा रोज म्हणायचे, आणि मी रोज वर जाऊन आईला तसंच्या तसं सांगायची. आई रोज तितकीच खूश व्हायची.

हे सगळं बिघडलं ते एका थट्टेपायी. मखमलाबादकडून फुलांची पाटी घेऊन येणारी एक माळीण होती, आठवते तुम्हाला? गुडघ्याला चोळायचं औषध न्यायला यायची. एका सकाळी बाकावर सात-आठ माणसं बसलेली असताना तिने नाकाला पदर लावला आणि मोठ्याने म्हणाली, "डाक्टर, तुमच्या दवाखान्यात आलं की मला माझ्या मालकाची लय याद येती बगा. त्योबी रोज रात्री असाच वास घिऊन घरला येतो." सगळा बाक हसला. आत पुडी बांधता बांधता चाचाही हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसांत गावात दारूबंदीच्या सभा भरत होत्या. पुढच्या आठवड्यात गंगेवर, गोदावरीच्या घाटावर भरणाऱ्या सभेत तुम्ही बोलणार होतात, आणि भाषणाची तयारी म्हणून आरशासमोर उभे राहून हात वर-खाली करताना मी तुम्हाला पाहिलं होतं. स्पिरिटाशिवाय कुठला दवाखाना चालतो? टिंक्चरं, मलमं, चोळायची औषधं, सगळ्यात तेच. पण त्या हसण्याने तुमच्या मनात काहीतरी शिरलं. माळिणीला तुम्ही काही बोलला नाहीत. तुमची नजर आत गेली आणि चाचांवर थांबली.

चाचांची स्पिरिट पातळ करायची एक रीत होती. बाटलीवर दोन खुणा असायच्या. खालच्या खुणेपर्यंत कडक स्पिरिट, मग वरच्या खुणेपर्यंत पाणी. किती पाणी लागलं ते कुणी मोजत नसे, खूण गाठली की झालं. अशी रीत का पडली हे त्यांना ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. तुम्ही ती त्या दिवशी मोडलीत. "आजपासून स्पिरिट वेगळं मोजायचं, पाणी वेगळं मोजायचं, आणि माझ्यासमोर मोजायचं," म्हणालात. चाचा "जी" म्हणाले. त्यांनी औंसाच्या ग्लासाने वीस औंस स्पिरिट मोजलं, वीस औंस पाणी मोजलं, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवलं आणि मगरिबची बांग झाली तसे आत जाऊन रोजा सोडून घरी गेले. त्यानंतर तुम्ही स्वतःच्या हाताने दोन्ही एका बाटलीत ओतलंत. बूच घातलंत. मला हाक मारलीत, "धर गं ही." जिथवर पातळी आली होती तिथे गळ्यावर पट्टी चिकटवलीत. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक तुमच्या जानव्याला, दुसरी चाचांच्या कुडत्याच्या खिशात.

दुसरी सकाळ मला अजूनही समोर घडल्यासारखी दिसते. मी दूध घ्यायला खाली आले आहे आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी आहे. बाकावर रोगी आहेत, माळीणही आहे. तुम्ही बाटली खिडकीच्या उजेडात धरली आहे. पाणी पट्टीच्या खाली आहे. फार नाही, करंगळीच्या जाडीएवढं. पण गळा निमुळता असल्यामुळे ते दुरूनही दिसतं. तुम्ही चाचांना ग्लास आणायला सांगता आणि त्यांच्याकडूनच सगळं परत मोजून घेता. चाळीस भरायला हवं, भरत नाही. औंसाच्याही वर तूट येते.

"कुठे गेलं?" तुम्ही विचारता.

"मला नाही माहीत, डाक्टरसाब."

"किल्ल्या किती?"

"दोन."

"एक माझ्या जानव्याला. दुसरी?"

"माझ्यापाशी."

"मग?"

चाचा ग्लासाकडे बघतात, बाटलीकडे बघतात. "मग... नाही माहीत साहेब. उडालं असंल."

"बूच लावलेल्या बाटलीतून?"

"रोजा आहे माझा, डाक्टरसाब," चाचा म्हणतात. हळू आवाजात, जणू एवढं सांगितलं की पुढे काही सांगायची गरज उरत नाही.

आणि तुम्ही म्हणता, "रात्री नसतो ना रोजा?"

बाबा, हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं? मी इतकी वर्षं त्यावर विचार करते आहे. रागात माणूस शिवी देतो, आरडाओरडा करतो, ते मी समजू शकते. हे तसं नव्हतं. हे नेमकं शोधून काढलेलं होतं. माणसाच्या अंगावर एकच जागा नाजूक असावी आणि डॉक्टरने तिथेच बोट दाबावं, तसं. माळीण तेवढ्यात उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "अवं डाक्टर, म्या आपली गंमत केली हुती. त्या बिचाऱ्याला कशापायी..." तुम्ही म्हणालात, "तुम्ही गप बसा, मावशी. तुमचं औषध घ्या आणि चला." तिने औषध घेतलं नाही. गुडघ्यावर हात टेकत तशीच गेली, आणि पुन्हा कधी आली नाही.

चाचांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग त्यांनी जे केलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, कारण तुम्ही पाठ फिरवली होती. त्यांनी तो औंसाचा ग्लास धुतला, पुसला आणि रोजच्यासारखा फडक्यावर उपडा घातला. कोनाड्यातला आपला पेला उचलून पिशवीत टाकला. जिन्यापाशी मला बघून थांबले. "बेटी, आईला सांग, आज खजूर नको पाठवू." एवढंच. मी वर जाऊन आईला तसंच्या तसं सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. तिच्या हातात फुंकणी होती, ती तशीच राहिली आणि चूल विझली.

तुम्ही मला औंसाचा ग्लास वाचायला शिकवला होतात, ते आठवतं का? मी आठ-नऊ वर्षांची असेन. स्टुलावर उभं करून म्हणाला होतात, "वरून बघायचं नाही, खालून बघायचं नाही. डोळा पाण्याच्या रेघेसमोर आणायचा. कडेला पाणी वर चढलेलं दिसतं, त्याला भुलायचं नाही. मध्ये ते जिथे खोल आहे तिथे वाचायचं." मी नीट वाचलं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात की एक जुना, कडेला टवका उडालेला ग्लास मला देऊनच टाकलात. मैत्रिणींकडे बाहुल्या होत्या, माझ्याकडे औंसाचा ग्लास होता. मी त्यात खोटी खोटी औषधं करून आईला पाजायची. तोच ग्लास पुढे तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात काढला. माझ्या डोक्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं, बाबा. मुलींच्या शाळेत आम्हाला आरोग्य आणि शिवण होतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की माझे हात खरोखर गार असतात की नाही.

तुम्ही दारूबंदीच्या कुठल्याशा सभेला गेला होतात. आईकडे स्टोव्ह पेटवायचं जळाऊ स्पिरिट असायचं. मी ते ग्लासाने मोजलं, तितकंच पाणी मोजलं, आणि लांब गळ्याच्या गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत दोन्ही ओतलं. ते जरासं दुधाळ झालं. मी बाटली आईच्या हातात दिली. "आई, गरम लागते की गार?"

"गरम," आई म्हणाली. मग तिने बाटली गालाला लावली. "अगो बाई, चूल नाही, निखारा नाही, हे तापलं कशाने?"

"माझे हात गार आहेत का बघ."

तिने माझे हात धरले. "तुझे हात कुठले गार? तुझे हात चांगले ऊन आहेत."

मी तिच्या टोपलीतला काळा दोरा घेऊन पाण्याच्या रेघेवर गळ्याभोवती बांधला. आता ही बाटली रात्रभर कुठे ठेवायची? कुणीही हात लावला नाही अशी खात्री देता येईल अशी जागा घरात एकच होती. मी सोवळ्याच्या फळीकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. त्या फळीवर नैवेद्याचं तूप असायचं, लोणच्याच्या बरण्या असायच्या. आंघोळ करून ओलेत्याने आईच तिला हात लावायची. तुम्हीसुद्धा कधी लावत नव्हता.

"तिथे दारू ठेवू?" आई म्हणाली. "तुला काही कळतं का?"

"मग तूच दुसरी जागा सांग. जिथे बाबांचाही हात पोचत नाही."

आयुष्यभर जिने त्या फळीला पारोशाने शिवू दिलं नाही ती माझी आई उठली, आंघोळ केली, ओलं लुगडं नेसली, आणि त्या थंडीत दात वाजत असताना ती बाटली उचलून लोणच्याच्या बरणीमागे ठेवली. हे तिने कुणासाठी केलं? शास्त्रासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. चाचांनी "आज खजूर नको" म्हटलं होतं, त्यासाठी केलं. सकाळी तिनेच ओलेत्याने ती खाली काढली आणि माझ्यासमोर धरली. दोरा होता तिथेच होता. पाणी त्याच्या खाली गेलं होतं. मग मी ग्लासाने सगळं मोजलं, डोळा रेघेसमोर आणून, तुम्ही शिकवलं होतं तसं. तेही कमी भरलं. आई हळूच म्हणाली, "आता देवाच्या पुढ्यात बसून कोण प्यायलं म्हणायचं?"

इथवर मी कधीकधी तुम्हाला माफ करत येते. मला कळतं, तुम्हाला माहीत नव्हतं. एक आणि एक दोन होतात, एवढ्या भरवशावर सगळं जग चालतं, मग तुम्हीच का वेगळं समजावं? पण मी ती बाटली तुमच्यापुढे ठेवली, बाबा. आई दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मग दवाखान्यात जाऊन दार लावून घेतलंत आणि स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहिलंत. मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही बाटली आधी एका हाताने धरलीत, मग दोन्ही हातांनी धरलीत, आणि तसेच बसून राहिलात. ती गरम आहे हे तुम्हाला कळलं. तुमचे हात गार नव्हते.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. हे घराबाहेर जाता कामा नये."

आई म्हणाली, "चाचांना बोलावणं धाडू?"

"कशाला? सगळ्या गावासमोर काढलेला माणूस परत आणू? डॉक्टरला साधं माप कळत नाही म्हणतील."

"अहो, पण त्यांनी घेतलं नाही ना!"

"नाही घेतलं. मग काय करू? झालं ते झालं." आणि मग माझ्याकडे वळून, "मुलीच्या जातीला इतका चौकसपणा बरा नाही."

त्या दिवसापासून आईने तुमच्या ताटात वाढताना कधी आग्रह केला नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का?

तुम्ही दुसरा कंपाउंडर ठेवलात, आणि त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंत, "स्पिरिट खालच्या खुणेपर्यंत, मग वरच्या खुणेपर्यंत पाणी. वेगळं मोजत बसू नकोस." मी ते ऐकलं. माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथे आहे. तुम्ही चूक दुरुस्त केलीत. बाटलीपुरती केलीत. पुढे कधी तूट आली नाही. औषधं बरोबर झाली, सभेतलं भाषणही चांगलं झालं म्हणे. फक्त तो माणूस तेवढा तुटीत धरलात. नाशकात त्यांना एकाही दवाखान्याने उभं केलं नाही, कारण रोज्यात दारू पिणारा मुसलमान ही गोष्ट चवीने सांगण्यासारखी होती आणि गावाने ती चवीने सांगितली. त्यांच्या मशिदीपर्यंत ती पोचली असेल की नाही, याचा विचारसुद्धा मला करवत नाही. ते बायकोच्या माहेरी नांदगावला गेले आणि एका भुसार दुकानात धान्य मापायला लागले. तिथे त्यांच्या मापावर कधी कुणी शंका घेतली नाही, असं नंतर कळलं. मीही गप्प राहिले, असं तुम्ही म्हणाल. हो, राहिले. मी पंधरा वर्षांची होते आणि तुम्ही माझे बाप होता. तो दोष मी आज माझ्या पदरात घेणार नाही. तो तुमचा आहे.

आता माझी मुलगी कॉलेजात शास्त्र शिकते. गेल्या महिन्यात मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. ती हसली, आणि मग माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं. म्हणाली, "आई, याला कारण आहे. हायड्रोजन बंध म्हणतात त्याला." मी म्हटलं, मला कळेल असं सांग. तेव्हा तिने मला तुमच्या दवाखान्यातली फळी आठवायला लावली. पाण्याच्या प्रत्येक कणात एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात. ऑक्सिजन सगळं स्वतःकडे ओढतो, त्यामुळे हायड्रोजन जरा उघडा पडतो आणि शेजारच्या कणातल्या ऑक्सिजनकडे झुकतो. ही धरपकड पक्की नसते, क्षणाक्षणाला सुटते, पुन्हा जुळते. पण सगळे कण एकमेकांना असे धरून असतात म्हणून पाणी पाणी राहतं, नाहीतर एवढ्या हलक्या कणांनी बनलेली गोष्ट माठात राहायच्या ऐवजी कधीच हवेत उडून गेली असती. म्हणून ते उकळायला इतका जाळ लागतो. म्हणून बर्फ तरंगतो, कारण गोठताना प्रत्येक कण शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून बसतो आणि मध्ये पोकळी राहते. तुमच्या फळीवर ईथरची बाटली होती. तुम्ही गंमत म्हणून माझ्या तळहातावर थेंब टाकायचात आणि तो बघता बघता गार होऊन उडायचा. ईथरचा कण स्पिरिटापेक्षा जड, तरी आधी उडतो, कारण त्याच्याकडे ऑक्सिजन असला तरी पुढे करायला तसा हायड्रोजन नसतो, आपसांत धरायचं कशाने? आणि तुम्ही थंडीत माझ्या फुटलेल्या ओठांना लावायचात ते ग्लिसरीन. त्याच्या कणाला धरायच्या तीन जागा, म्हणून ते इतकं दाट, इतकं संथ.

आणि स्पिरिट? त्याचं एक टोक पाण्यासारखं, दुसरं तेलासारखं. म्हणून ते पाण्यात मिसळतं, रॉकेल मिसळत नाही. मिसळताना पाण्याचे आणि स्पिरिटाचे कण एकमेकांना नव्याने धरतात, त्यातून ऊब बाहेर पडते आणि ते आधीपेक्षा दाटीने बसतात. म्हणून दोन्ही मिळून माप कमी भरतं. मग रात्री ती ऊब निवते आणि पातळी आणखी खाली जाते, करंगळीएवढी. "कुणीच काही चोरलं नाही, आई," माझी मुलगी म्हणाली. "जवळ आले म्हणून जागा कमी लागली." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले. तुमच्या घरात इतकी वर्षं कुणी कुणाच्या जवळ आलं नाही, बाबा, आणि ज्या एका बाटलीत दोन गोष्टी जवळ आल्या तिच्यावर तुम्ही चोरीचा आळ घेतलात.

मुलगी म्हणते, तिकडे परदेशात त्याच सुमाराला लोक हे शोधून लिहीत होते. त्याने मला काही फरक पडत नाही. तुम्हाला कारण कळायची गरज नव्हती. दोरा कुठे आहे आणि पाणी कुठे आहे हे दिसत होतं, तेवढं पुरे होतं. कारण कळायला मला पंचवीस वर्षं लागली. खरं काय ते तुम्हाला चार दिवसांत कळलं होतं.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. पंधरा दिवसांपूर्वी मी बांगड्या भरायला गेले होते. दुकानातल्या बाईने माझा हात धरून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही डाक्टरांच्या मुलगी ना? जिन्यावर बसून पाढे म्हणायच्या?" ती चाचांची धाकटी मुलगी होती, लग्न होऊन परत नाशकात आलेली. मी कसंबसं विचारलं, "चाचा?" ती म्हणाली, "आहेत की. नांदगावलाच. नजर गेली, पण कान शाबूत आहेत. अजून विचारतात बघा, डाक्टरसाब काही बोलले का. अम्मी होती तर चिडायची, म्हणायची, डाक्टरसाब अल्लाच्या घरी गेले, आता काय तिथून सांगावा धाडणार? पण विचारतात." तिने बांगडी माझ्या हातावरून इतकी अलगद चढवली की मला कळलंही नाही. म्हणाली, "हात ऊन आहेत तुमचे. ताप नाही ना?"

येत्या रविवारी मी नांदगावला जाणार आहे. गाडी पाहून ठेवली आहे, खजूर घेऊन ठेवला आहे. चाचांना काय सांगायचं याची मी मनात उजळणी करते. बाटली का तापली ते सांगेन, पाणी खाली का गेलं ते सांगेन. आणि मग ते विचारतील, मला पक्कं माहीत आहे, ते हळूच विचारतील, "बेटी, डाक्टरसाबना हे कधी कळलं?" तिथे येऊन माझी उजळणी थांबते. तुम्हाला कधीच कळलं नाही म्हणावं, तर तुम्ही सुटता, आणि मला तुम्हाला सोडायचं नाही. चौथ्या दिवशी कळलं म्हणावं, तर ऐंशीच्या घरातल्या एका आंधळ्या माणसाला मी सांगणार की ज्याच्या एका शब्दाची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली त्याच्या तोंडात तो शब्द तयार होता, त्याने तो गिळला. हे तुम्ही माझ्यावर टाकून गेलात. जाताना दवाखाना विकलात, पुस्तकं वाचनालयाला दिलीत, सगळी व्यवस्था नीट लावलीत. एवढंच तेवढं माझ्यासाठी मागे ठेवलंत.

तो टवका उडालेला ग्लास माझ्याकडे अजून आहे. परवा रागाच्या भरात फोडायला म्हणून घेतला आणि मग त्यात पाणी घालून, डोळा रेघेसमोर आणून वाचत बसले. स्पिरिटाचा वास कुठेही आला तरी मला अजून आधी तुमचे हात आठवतात, चाचांचे नंतर. हे मला आवडत नाही, पण तसं आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? टाकणार नाहीच. पण एक मागणं आहे. रविवारी चाचांनी विचारलं की मी त्यांना सांगेन, तुम्हाला उशिरा कळलं, फार उशिरा, शेवटच्या आजारात, आणि कळल्यावर तुम्ही म्हणालात, "मियाँना सांग, माझं चुकलं." यातलं काहीही तुम्ही म्हणाला नाहीत. मला एवढं एक खोटं बोलू द्या, आणि ते माझ्या नावावर नको, तुमच्या नावावर बोलू द्या. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मान न वळवता, डिंकाचं बोट पट्टीवर फिरवत म्हणाल, "आपल्या घरात खोटं बोलत नाहीत." तरी मागते आहे, बाबा. हो म्हणा.